जावा : बेरजेत दडलेली चूक

जावा भाषेतील आज्ञावली चुकली, तर बहुधा ती जागीच थांबते आणि चूक कुठे झाली ते सांगते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये ही भाषा जाहीर केल्यापासून सुरक्षितता हे तिचे भूषण मानले गेले. पूर्णांकांची बेरीज मात्र या शिस्तीला अपवाद ठरते.

जावातील 'इंट' हा प्रकार ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. तीत एक मिळवला की उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८, आणि तेही कोणताही इशारा न देता.

याचा फटका खुद्द जावाच्या प्रमाणित ग्रंथालयालाच बसला. क्रमवार यादीत एखादी नोंद शोधताना यादी मधोमध उघडायची, नको तो अर्धा भाग सोडायचा आणि उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे. शब्दकोशात शब्द शोधावा तसे. ही 'बायनरी सर्च' पद्धत. मध्य काढण्यासाठी खालची व वरची मर्यादा मिळवून दोनाने भागतात. शाळकरी वाटावे असेच हे गणित. पण मर्यादा १२० कोटी आणि १३० कोटी असतील, तर २५० कोटींची बेरीज 'इंट'मध्ये मावत नाही. मध्य येतो उणे ८९,७४,८३,६४८! यादीत उणे क्रमांकाची जागाच नसल्याने आज्ञावली कोसळते.

ग्रंथालयातील हा भाग जोशुआ ब्लॉक यांनी लिहिला होता. कोणाची तरी आज्ञावली बंद पडली, तेव्हा ही चूक उजेडात आली. ब्लॉक यांनी जून २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली, तोवर ती सुमारे नऊ वर्षे तशीच पडून होती. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या गाजलेल्या पुस्तकात या पद्धतीच्या अचूकतेची सिद्धता आहे. त्यांच्याही मांडणीत हाच दोष होता. शंभर कोटींहून मोठ्या याद्या पूर्वी कोणी वापरतच नसे, त्यामुळे चाचण्यांतूनही तो सुटला.

उपाय सोपा आहे. वरच्या मर्यादेतून खालची वजा करावी आणि त्या फरकाच्या निम्मे खालच्या मर्यादेत मिळवावे. वरील उदाहरणात १२० कोटींत ५ कोटी मिळवायचे, म्हणजे १२५ कोटी हा मध्य अचूक मिळतो. बेरजेवर '>>> १' ही क्रिया केली, तरी चिन्हाचा बिट संख्येचाच भाग धरला जातो व उत्तर बरोबर येते.

असाच आणखी एक चकवा 'इंटिजर' वस्तूंच्या तुलनेत आहे. '==' हे चिन्ह तेथे मूल्य नव्हे, तर वस्तू एकच आहे का ते पाहते. उणे १२८ ते १२७ या संख्यांच्या वस्तू जावा आपोआप साठवून पुन्हा वापरते. परिणामी १२७ व १२७ समान ठरतात, १२८ व १२८ मात्र सहसा नाहीत. छोट्या आकड्यांवर घेतलेली चाचणी येथे हमखास फसवते. तुलना 'इक्वल्स'नेच करावी.

रकमा व मोजणीच्या हिशेबात 'लाँग' हा ६४ बिटांचा प्रकार वापरणे श्रेयस्कर. 'इंट'च हवा असेल, तर २०१४ च्या जावा ८ पासून 'मॅथ.अ‍ॅडएक्झॅक्ट' उपलब्ध आहे. बेरीज मावली नाही, तर ती चुकीचे उत्तर देण्याऐवजी काम थांबवते.