शपथेपाशी अडलेला आमदार

आपल्याकडे आमदारकी म्हटली की शपथविधी, हारतुरे, पेढे आणि चौकात फ्लेक्स. ज्युलियन बाँडचं मात्र शपथेपाशीच घोडं अडलं. १० जानेवारी १९६६, अटलांटा. जॉर्जियाच्या विधानसभेत बाकीचे शपथ घेताहेत आणि याला सांगितलं, तू बाजूला थांब. वय अवघं २५, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान!

बाँड एसएनसीसी या तरुणांच्या नागरी हक्क संघटनेचा प्रसिद्धीप्रमुख. चारच दिवसांपूर्वी संघटनेने व्हिएतनाम युद्ध आणि सक्तीची सैन्यभरती यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. ते त्याने लिहिलेलं नव्हतं, पण पत्रकाराने विचारल्यावर मला मान्य आहे म्हणाला. माघार घेईना. मग मतदान झालं, १८४ विरुद्ध १२. म्हणे हा राज्यघटनेची शपथ मनापासून घेऊच शकत नाही. आता मनातलं १८४ जणांना कसं दिसलं, ते तेच जाणोत.

खरी गंमत पुढे आहे. रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लागली, उभा हाच, आला हाच. पुन्हा दार बंद. नोव्हेंबरात नेहमीची निवडणूक, पुन्हा हाच! लोक तेच इनपुट देताहेत आणि सिस्टिम 'इनव्हॅलिड' म्हणतेय. खालच्या कोर्टातही तो २-१ ने हरला होता. शेवटी ५ डिसेंबर १९६६ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की सरकारी धोरणावर टीका करायची मोकळीक आमदारालाही आहे आणि शपथेच्या आडून त्याची निष्ठा तपासत बसायचा अधिकार सभागृहाला नाही.

१९६७ मध्ये तो एकदाचा बसला आणि मग आठ वर्षं तिथे, बारा वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये राहिला. मधेच १९६८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी नाव आलं, पण त्याला वय लागतं ३५. हा २८ चा. असो.

१९८० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखताना अटलांटात काळ्या मतदारांचं ठोस बहुमत असलेली काँग्रेसची जागा हवी म्हणून बाँड सिनेटमध्ये भांडला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ती झाली. १९८६ मध्ये त्याच जागेसाठी तो उभा राहिला, तर समोर एसएनसीसीतला जुना मित्र जॉन लुईस. पहिल्या फेरीत बाँड पुढे, पण निम्म्याच्या आत. दुसऱ्या फेरीच्या प्रचारात लुईसने त्याला ड्रग टेस्ट करून घ्यायचं जाहीर आव्हान दिलं! आणि जिंकला लुईस. २०२० मध्ये वारला तोपर्यंत ती जागा त्याच्याकडेच होती.