शिवणयंत्राची घरगुती निगा

शिवणयंत्र घरच्या घरीं दुरुस्त करणें ही हौशी माणसाची खटपट आहे, असें पुष्कळांना वाटतें. परंतु ज्या सिंगरच्या नांवानें हें यंत्र घरोघर पोंचलें, त्याचें यंत्रच मुळीं एका दुरुस्तींतून जन्मास आलें. १८५० सालीं बोस्टन शहरांत ऑर्सन फेल्प्स याच्या कारखान्यांत लेरो व ब्लॉजेट यांचीं यंत्रें तयार होत, आणि बिघडून परतही येत. त्यांतला धोटा वर्तुळांत फिरे व दोऱ्याचा पीळ बिघडवी. आयझॅक सिंगरनें तें पाहिलें आणि धोटा सरळ मागेंपुढें, सुई उभी वरखालीं चालावी असें सुचविलें. १८५१ सालीं त्याला पेटंट मिळालें. गांधीजींनीं १९२४ सालीं एका संभाषणांत यंत्रांविरुद्धच्या आपल्या भूमिकेला सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें तें निर्माण केलें, असें ते म्हणाले. कथा हृद्य आहे, पण इतिहासाचा कौल त्या नादुरुस्त यंत्राकडे जातो.

आतां आपल्याकडे वळूं. नागपुरांत १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी कापड देई, पण त्याची चोळी वा सदरा कोणीतरी शिवावाच लागे. कन्हानकांठचें मौदा नागपुराहून सुमारें ३५ किलोमीटर. बिडाचें जड यंत्र तेथून शहरांतल्या कारागिराकडे नेणें म्हणजे सबंध दिवस मोडणें. आणि शिवणावर जिचा संसार चालतो त्या बाईचा तो दिवस मजुरीचा असतो.

अशा घरीं पहिला घात होतो तो तेलानें. विदर्भाच्या स्वयंपाकघराला जवसाचें तेल परिचित. तेंच यंत्रांत सोडण्याचा मोह साहजिक आहे. परंतु हें तेल हवेनें सुकून घट्ट पापुद्रा धरतें. म्हणूनच तर रंगारी तें रंगांत घालतात! खोबरेल थंडींत थिजतें. यंत्राला न सुकणारें पातळ खनिज तेलच हवें. यंत्र जखडलें असल्यास जवळ चूल वा दिवा नसतांना रॉकेलचे थेंब सोडावे, चाक हळूहळू फिरवावें, सुटलेला चिकटा पुसून काढावा आणि लगेच नवें तेल द्यावें.

टांका बिघडला कीं लोक प्रथम ताणाचा स्क्रू पिळतात. तो शेवटचा उपाय होय. आधीं सुई बदलावी, धोट्याखालचा कापडाचा भुसा झाडावा, कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा नव्यानें ओवावा. कापडाखालीं दोऱ्याचीं वेटोळीं दिसलीं तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. बोल मात्र बिचाऱ्या खालच्याला लागतो.

चामड्याचा पट्टा वापरानें लांबतो आणि चाकावरून घसरूं लागतो. त्यासाठीं नवा पट्टा नको. टोंक बोटभर कापावें, भोंक पाडावें, तारेची जुनी कडी पुन्हां बसवावी.