कॅम्डेनला येणारी मुले

ज्यांच्या घरी जुना ग्रामोफोन होता त्यांना 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो कुत्रा आठवत असेल, कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला. आपल्या तबकड्यांवरचा हाच कुत्रा अमेरिकेत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीचे बोधचिन्ह होता. ही कंपनी 1901 साली न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन शहरात निघाली. डेलावेअर नदीच्या एका काठावर फिलाडेल्फिया, समोर कॅम्डेन. कंपनीच्या जुन्या इमारतीच्या मनोऱ्यावर रंगीत काचेतला कुत्रा अजून आहे. खाली मात्र कारखान्याच्या जागी फ्लॅट झाले आहेत.

या शहरात कॅथलिक शाळा-कॉलेजांतली मुले काही दिवसांच्या सेवेसाठी येतात. त्यांच्यासाठी 1998 साली इथे रोमेरो सेंटर सुरू झाले. गरिबांची बाजू घेतली म्हणून 1980 साली मिस्सा चालू असताना ज्यांना गोळी घातली गेली, ते एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. त्यांचेच हे नाव. मुले दिवसा अन्नछत्रात, वृद्धांमध्ये, अपंगांमध्ये काम करतात आणि संध्याकाळी एकत्र बसून पाहिलेल्या गोष्टींवर बोलतात.

उपक्रम चांगलाच आहे. पण सेवा करावी लागावी इतके हे शहर गरीब का झाले? दैवाने नव्हे, एवढे नक्की.

एकेकाळी इथे तीन मोठे आधार होते: व्हिक्टर (1929 नंतर आरसीए), कॅम्पबेल कंपनीचे डबाबंद सूप आणि न्यूयॉर्क शिपबिल्डिंगची गोदी. 1950 साली लोकसंख्या 1,24,555 होती. कामगारांनी 1936 साली मोठा संप केला, तेव्हापासून आरसीए स्वस्त मजुरीच्या शोधात एकेक उत्पादन दुसऱ्या राज्यांत नेत गेली. गोदी 1967 साली बंद पडली. कॅम्पबेलचे मुख्यालय राहिले, पण कारखाना 1990 साली बंद झाला.

याच काळात सरकारी हमीची गृहकर्जे गोऱ्या कुटुंबांना उपनगरांत घरे घेऊन देत होती. काळ्यांच्या वस्त्या मात्र नकाशावर लाल रंगाने दाखवून 'धोक्याच्या' ठरवल्या गेल्या. शेजारचे चेरी हिल 1950 ते 1970 या वीस वर्षांत दहा हजारांवरून चौसष्ट हजारांवर गेले. पुढे उपनगरांनी जमीनवापराचे नियम असे केले की गरिबाला तिथे घर मिळूच नये. झोनिंगचे राजकारण काय असते हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. जवळच्याच माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात 1975 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम बेकायदा ठरवले, तरी गावांचा विरोध पुढे कित्येक वर्षे चालला. 2020 च्या जनगणनेत कॅम्डेनमध्ये बहात्तर हजारांहून कमी माणसे उरली होती, बहुतेक काळी आणि लॅटिनो.

सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांची सर्वांत कडक हजेरी एका कॅथलिक धर्मगुरूनेच घेतली होती. 1968 साली शिकागोजवळच्या परिषदेत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोला निघालेल्या अमेरिकन तरुणांना सांगितले, तिथे उपकार करायला जाऊ नका. काम करायचेच असेल तर आपल्याच देशातल्या गरिबांत करा. तुमचे कुठे चुकते ते निदान तुमच्या भाषेत तोंडावर सांगणारे तिथे भेटतील.

कॅम्डेनला येणारी मुले इलिच यांची ही अट बरीचशी पाळतात. फादर मायकल डॉयल यांच्याशी मात्र त्यांची तुलना होऊ शकत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध 1971 साली इथल्या भरती कार्यालयात घुसलेल्या 'कॅम्डेन 28' गटाच्या खटल्यात हे आयरिश पाद्री आरोपी होते. 1973 साली ते निर्दोष सुटले. पुढच्या वर्षी त्यांनी सेक्रेड हार्ट चर्चचा कारभार घेतला आणि चाळीसहून अधिक वर्षे तिथेच काढली. आठवडाभर आलेल्या मुलाकडून ही अपेक्षा कोणी करू नये.

पण उपनगरातून येणाऱ्या मुलाच्या हाती एक गोष्ट आहे, जी फादर डॉयल यांच्या हातीही नव्हती. उद्या तो आपल्या गावात मत देणार आहे, आणि कॅम्डेनचे दार तिथूनच बंद झाले आहे. ज्या शहराने अमेरिकेला सूपचे डबे पुरवले, तिथे कॅथीड्रल किचन 1976 पासून भुकेल्यांना जेवू घालते आहे. त्या रांगेसमोर डाव घेऊन उभे राहणे ही सेवा खरीच. पण मुलाने घरी परतल्यावर आजोबांना एवढे तरी विचारावे: आपण कॅम्डेन कधी सोडले, आणि का?