कमी उंचीवरून जाणारी लष्करी विमाने : ओळख, छायाचित्रण आणि कायदा

निर्मल जिल्ह्यातील मुधोळ हे बासर, भैंसा आणि महाराष्ट्रातील धर्माबाद यांच्या शेजारचे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. (शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुधोळ ते हे नव्हे, ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे.) गावापासून दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर बीदरचा हवाई तळ आहे. हैदराबादजवळ दुंडिगल येथे हवाई दलाची अकादमी आणि हकीमपेठ येथे आणखी एक प्रशिक्षण तळ आहे. लढाऊ वैमानिक घडवणारी ही तिन्ही केंद्रे वेगवान विमानाला काही मिनिटांच्या अंतरावर असल्याने या भागात आकाशात कधी लष्करी विमान दिसले, तर ते बहुधा प्रशिक्षणाचे असते.

लष्करी विमाने मुद्दाम खालून का उडतात, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. दहा हजार मीटर उंचीवरचे विमान सपाट प्रदेशात जमिनीवरील रडारला चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. तेच विमान पंचाहत्तर मीटरवर उतरले की हे अंतर पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर येते. मध्ये डोंगर असला तर त्याहूनही कमी. म्हणूनच दऱ्याखोऱ्यांतून उड्डाण करण्याचा सराव जगभरची हवाई दले करतात.

पाहणाऱ्याची पहिली चूक आवाजाच्या दिशेने पाहण्याची. ताशी पावणेआठशे किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे २१५ मीटर कापते. ते एक किलोमीटरवर असताना निघालेला आवाज कानी पडेपर्यंत जवळपास तीन सेकंद जातात आणि तोवर विमान सहाशे मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. त्यामुळे नजर आवाजाच्या पुढे, विमानाच्या प्रवासाच्या दिशेला न्यावी. निर्मलच्या डोंगररांगेत, महबूब घाटासारख्या ठिकाणी प्रतिध्वनीमुळे आवाजाची दिशाच फसवी ठरते. तेथे कानापेक्षा क्षितिजावर भरवसा ठेवणे बरे.

ओळख आकारावरून पटते. बीदरला २००८ मध्ये दाखल झालेले ‘हॉक’ हे मूळ ब्रिटिश बनावटीचे जेट. त्यात दोन वैमानिक एकामागे एक बसतात, मागचे आसन किंचित उंच असते आणि पंख मागे झुकलेले असतात. ‘सूर्यकिरण’ या कसरती करणाऱ्या पथकाची विमानेही हीच. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या जुन्या ‘किरण’मध्ये दोघे शेजारीशेजारी बसतात, म्हणून त्याचे नाक रुंद व गोलसर दिसते आणि पंख सरळ असतात. स्विस ‘पिलाटस पीसी-७’ला पुढे पंखा आहे, त्याची एकसुरी घरघर जेटच्या फाटत जाणाऱ्या आवाजाहून लगेच वेगळी कळते.

कॅमेऱ्याबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. जेटसाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक ठेवावा. पंख्याच्या विमानाला मात्र दोनशे-अडीचशेवा भाग पुरे. त्याहून वेगवान ठेवल्यास पंखा गोठल्यासारखा दिसतो आणि विमान हवेत टांगल्याचा भास होतो. तीनशे-चारशे मिलिमीटरचे भिंग लागते. सूर्य पाठीशी असावा.

ब्रिटनमधील वेल्सच्या ‘माख लूप’ या डोंगरवाटेवर जेट विमाने जमिनीपासून अडीचशे फुटांवरून जातात. उतारावर बसलेल्या छायाचित्रकारांना ती चक्क खाली दिसतात, आणि तिथला शौक लोकमान्य आहे. पण धोका तिथेही गृहीत असतो. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतील अशाच एका दरीत ३१ जुलै २०१९ रोजी अमेरिकी नौदलाचे लढाऊ विमान कड्यावर आदळले. वैमानिक ठार झाला आणि वर उभे असलेले सात पर्यटक जखमी झाले.

भारतात अशा उड्डाणांचे वेळापत्रक जाहीर होत नाही आणि कायदाही कडक आहे. आपल्या शेतातून आकाशातले विमान टिपणे वेगळे आणि तळाच्या कुंपणाशी उभे राहून धावपट्टी, इमारती किंवा रडार टिपणे वेगळे. १९२३ च्या शासकीय गोपनीयता अधिनियमानुसार राष्ट्राच्या सुरक्षेला बाधक हेतूने हवाई दलाच्या आस्थापनेची माहिती, नकाशा वा चित्र मिळवल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हा हेतू आरोपीच्या वर्तनावरूनही गृहीत धरता येतो. कोणी अनोळखी व्यक्ती समाजमाध्यमावर गोडीगुलाबीने विमानांची चित्रे, वेळा आणि ठिकाणे मागू लागली, तर तरुणांनी नेमके हेच ध्यानात ठेवायला हवे. २०२१ च्या नियमांप्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. आणि कमी उंचीवरील विमानासमोर ड्रोन येणे म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ.

४ डिसेंबर २०२३ रोजी दुंडिगलहून निघालेले पिलाटस मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही मरण पावले. असे अवशेष दिसल्यास जवळ जाऊ नये, काही उचलू नये, चित्रण करीत थांबू नये. लढाऊ जेटच्या बाहेर फेकणाऱ्या आसनात स्फोटके असतात आणि ती न फुटता राहिलेली असू शकतात. ११२ वर कळवावे.

विमाने जवळून आणि निर्धास्तपणे टिपायची असतील, तर हैदराबादेत बेगमपेठ विमानतळावर भरणारे ‘विंग्ज इंडिया’ हे प्रदर्शन मुधोळकरांना सर्वांत सोयीचे. ते साधारण दोन वर्षांनी भरते, त्यात हवाई कसरती होतात आणि सर्वसामान्यांसाठीही दिवस राखलेले असतात.