बर्लिन १९७० : ज्या वर्षी अस्वल कुणालाच मिळालं नाही

सत्यजित राय यांचा ‘अरण्येर दिन रात्रि’ १९७० साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्याला काय मिळालं, असं मला कुणी विचारलं की मी सांगतो, काहीच नाही. पण त्या वर्षी कुणालाच काही मिळालं नाही! का, ते आज पाहू.

बर्लिनचा महोत्सव १९५१ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला, तोच मुळी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. १९७० मध्ये मिखाएल फेरहोवेन या तरुण जर्मन दिग्दर्शकाचा ‘ओ.के.’ तिथे दाखवला गेला. १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून केला होता. फेरहोवेनने तीच घटना बव्हेरियाच्या जंगलात आणली. सैनिक अमेरिकी, भाषा मात्र बव्हेरियन बोली.

ज्यूरीचे अध्यक्ष होते हॉलिवूडचे जॉर्ज स्टीव्हन्स. त्यांना हा चित्रपट अमेरिकाविरोधी वाटला. महोत्सवाने राष्ट्रांमध्ये सामंजस्य वाढवायचं असतं, या नियमावर बोट ठेवून त्यांनी आक्षेप घेतला. ज्यूरीतले युगोस्लाव्ह दिग्दर्शक दुशान माकावेयेव यांनी उघड विरोध केला. गोष्ट बाहेर फुटली, सेन्सॉरशिपचा आरोप झाला, ज्यूरीने काम थांबवलं आणि स्पर्धाच रद्द झाली.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. हेच स्टीव्हन्स १९४५ मध्ये अमेरिकी सैन्यासोबत डाखाऊच्या छळछावणीत कॅमेरा घेऊन गेले होते. छळछावण्यांवरचा त्यांचा माहितीपट न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवला गेला. जर्मनांना त्यांचे गुन्हे पडद्यावर दाखवणारा हा माणूस. पंचवीस वर्षांनी एका जर्मनाने आरसा त्यांच्या देशासमोर धरला, तेव्हा मात्र त्यांना तो बघवला नाही.

मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. दुसऱ्याचं पाप दाखवायला धाडस लागतंच; पण आपलं पाहायला त्याहून जास्त लागतं. आपल्याकडेही एखादा चित्रपट ‘देशाची बदनामी’ म्हणून अडवला जातो, तेव्हा मला स्टीव्हन्स आठवतात.

या वादातून एक चांगली गोष्ट निघाली. १९७१ पासून बर्लिनमध्ये नव्या, बंडखोर सिनेमासाठी ‘फोरम’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि तो आजही चालू आहे.

भेटू पुढच्या भागात.