जिलाटो, गारीगार आणि तांब्या

आमच्या आटपाडीला दोन गोष्टींचा तुटवडा कधीच पडला नाही. एक ऊन आणि दुसरी साहित्यिक. माडगूळकर बंधू आमच्याच तालुक्यातले, शंकरराव खरातही आमचेच. पाण्याचं म्हणाल, तर त्याच्यावर लिहिलं गेलं पुष्कळ. ते स्वतः मात्र फार उशिरा आलं.

अशा या गावात परवाच्या मे महिन्यात माझा नातू पुण्याहून आला आणि पायातले बूट काढायच्या आत म्हणाला, "आजोबा, इथं जिलाटो कुठं चांगला मिळतो?"

छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एक कला साधलेली असते. न कळलेली गोष्ट कळल्यासारखी मान हलवून ऐकायची. मी म्हणालो, "बघू या की." आणि संध्याकाळी त्याला घेऊन बाहेर पडलो. चौकात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हल्ली त्याचा विहिरी खोदायचा धंदा आहे. त्याला विचारलं, "काय रे, आपल्याकडं जिलाटो कुठं मिळतो?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजी, आता मागल्यासारखं ऱ्हायलं न्हाई. त्याला लायसन लागतंय. किती फूट विहीर काढायचीया?"

त्या बिचाऱ्याला जिलेटिनच्या कांड्या वाटल्या! नातू खो खो हसला. मी मात्र मास्तर असल्यामुळं हसलो नाही, कारण इतिहासाच्या दृष्टीनं माझा विद्यार्थी फारसा चुकलेला नव्हता. सुरुंगाचं आणि गारव्याचं नातं जुनं आहे. बंदुकीच्या दारूत जो सोरा घालतात, तोच अकबर बादशहाच्या पदरी पाणी गार करायला वापरत. सोरा पाण्यात विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, त्यामुळं त्या पाण्यात सुरई फिरवली की आतलं पाणी थंड होतं. अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त हे लिहून ठेवलंय. बादशहा लाहोरला असताना हिमालयातला बर्फही त्याच्यासाठी खाली आणत. म्हणजे एकाच पोत्यातला सोरा शत्रूला गरम आणि बादशहाला गार करत होता.

हे सगळं मी नातवाला सांगत होतो. तो म्हणाला, "आजोबा, दुकान आलं."

पहिल्या दुकानात काचेच्या पेटीमागं रंगीत डबे मांडलेले होते. व्हॅनिला, पिस्ता, बटरस्कॉच, राजभोग. नातवानं चमच्या-चमच्यानं चारही चाखले. मी त्या वेळात डब्यावरचा मजकूर वाचला. बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय मास्तरच्या जिवाला चैन पडत नाही. वर लिहिलं होतं 'फ्रोझन डेझर्ट'. म्हणजे यात दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पती तेल. आइस्क्रीम म्हणायचं तर स्निग्ध दुधाचंच लागतं, असा कायदा आहे. मी हे दुकानदाराला सांगितल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, गार हाय न्हवं?" या युक्तिवादाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात नातवानं मला जिलाटोचं ज्ञान दिलं. ही इटलीची चीज. शब्दाचा अर्थ नुसता 'गोठवलेलं'. त्यात साय कमी, दूध जास्त, घुसळताना हवा कमी भरतात आणि वाढतानाही ते आइस्क्रीमइतकं कडक थंड नसतं. "आणि आइस्क्रीममध्ये आजोबा, कधी कधी निम्मी हवाच असते!" मी चकित झालो. माणदेशात वारा फुकट असताना आपण तो कप भरून विकत घेत होतो!

दुसऱ्या दुकानात मस्तानी होती. पुण्याची मस्तानी म्हणजे घट्ट दुधावर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा. बाजीरावाच्या मस्तानीचा तिच्याशी संबंध काय, यावर पुणेकर एकमेकांशी अजून भांडतात. ती मागवून आम्ही बसलो आणि मी नातवाला बर्फाच्या जहाजाची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत बॉस्टन गावी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. तिकडं थंडीत तळी गोठतात. त्याला वाटलं, हे फुकटचं पाणी उन्हाळी देशांना विकलं तर? लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हा १०० टन बर्फ शिल्लक होता! युक्ती साधी होती, लाकडाचा भुसा. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून बसते आणि ती बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, यजमानासकट मंडळींना पडसं झालं आणि 'मुंबई समाचार'नं त्याची बातमी केली, अशी हकिकत सांगतात. आइस्क्रीम खाऊन सर्दी होते हा आमच्या हिचा सिद्धान्त इतका जुना आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

"पण नुसत्या बर्फानं आइस्क्रीम होत नाही," मी म्हणालो. "बर्फ शून्य अंशावर. साखर घातलेलं दूध तेवढ्यावर गोठत नाही. बर्फात खडेमीठ घातलं की पारा शून्याखाली पार वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतो. मग दूध शरण येतं." फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईनं १८४३ साली हँडल फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि आइस्क्रीम राजवाड्यातून घरात आलं. आमच्या लहानपणी आळीत एकाच घरी असा पॉट होता. त्यांच्याकडं पाहुणे आले की आम्हां पोरांना हँडल फिरवायला बोलावत. मोटेला खिलार जुंपावेत तसे आम्ही पाळीपाळीनं जुंपले जायचो. तासाभरानं हात भरून येत आणि मोबदला म्हणून आतल्या दांड्याला चिकटलेलं आइस्क्रीम चाटायला मिळे. एकदा झाकण नीट न बसल्यामुळं मिठाचं पाणी आत गेलं. पाहुण्यांनी ते आइस्क्रीम भिडेखातर संपवलं, आम्हां पोरांना भीड नव्हती.

त्याच्याही आधीची ओळख म्हणजे खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेतली कुल्फी. कुल्फी हा शब्द फारसीतून आला. झाकणबंद भांडं, असा त्याचा अर्थ. आपलं कुलूपही त्याच घराण्यातलं. कुल्फी आणि कुलूप सख्खी भावंडं आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण लहानपणी त्या दोघांपुढं मी सारख्याच आशेनं उभा राहत असे. एकाची किल्ली आईच्या कनवटीला असे आणि दुसऱ्याचे पैसेही तिथंच.

मस्तानी संपली. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही पहिलं आइस्क्रीम कधी खाल्लं?"

खरं सांगायचं तर ते आइस्क्रीम नव्हतं. गारीगार होतं. आणि मी ते खाल्लंही नव्हतं, निदान पहिल्यांदा नव्हे.

१९७२ चा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. मी अकरा-बारा वर्षांचा. विहिरींनी तळ गाठलेला, टँकर आला तर आला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायचो, कारण तिथं सुकडी मिळायची. त्या माळावर पत्र्याची पेटी सायकलला बांधून एक गारीगारवाला यायचा. प्यायला पाणी नव्हतं, पण त्याच्या पेटीत लाल, हिरवं, नारिंगी पाणी गोठून उभं असे. ते कुठून येतं, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. भूक लागलेल्या पोराला भूगोल सुचत नाही.

त्या आठवड्यात घरी आजी तापानं फणफणलेली होती. सारखं "गार पाणी द्या" म्हणायची आणि मडक्यातलं पाणी तर उन्हानं कोमट झालेलं. पगाराच्या दिवशी आईनं मला पाच पैसे दिले आणि म्हणाली, "एक गारीगार घे आन पळ. आजीला दे. वाटंत चोखलंस तर बघ." आणि जेवणाच्या फडक्यातला रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

मी पळालो. घर दीड-दोन मैलांवर, पायांत काही नाही, वर मे महिना. तांब्यात लाल गारीगार आणि तोंडाला पाणी. अर्ध्या वाटेत बघितलं तर कांडी निम्मी. ओढ्यापाशी बघितलं तर नुसती काडी. घरी पोचलो तेव्हा मी रडत होतो आणि तांब्याच्या तळाशी चार घोट लाल पाणी हलत होतं.

आजीनं तांब्यात बघितलं. म्हणाली, "आरं, हे पाणीच हाय की! मग रडतुयास कशापाई?" दोन घोट घेतले. डोळे मिटले. "ग्वाड हाय. आन गारबी हाय." आणि उरलेले दोन घोट माझ्यापुढं धरले. "पी. पाणी टाकू न्हाई."

आजी त्या तापातून उठली. कंपाउंडरनं दिलेल्या गोळ्यांचा त्यात हात असावा, पण ती श्रेय गारीगारलाच देत असे. मी पुढं ट्यूडरच्या जहाजाची हकिकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो तांब्या आठवला. ट्यूडरचं ऐंशी टन पाणी जहाजाच्या बुडाशी जाऊन वाया गेलं. माझा सगळा माल वितळला खरा, पण एक थेंब सांडला नव्हता.

नातू ऐकत होता. मग म्हणाला, "मग आता पाणी आहे ना इथं?" आहे. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं इथं पाणी परिषदा भरल्या, माणसं वर्षानुवर्षं झगडली, आणि तिकडं कऱ्हाडजवळ टेंभूला अडवलेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलत उचलत आमच्या माळापर्यंत आलं. कृष्णेला एवढे डोंगर चढायला लावणं हे विषुववृत्त दोनदा ओलांडण्यापेक्षा सोपं काम नव्हतं.

तिसऱ्या दुकानात जिलाटो नव्हताच. पण डाळिंबाचं आइस्क्रीम होतं. "गावचंच डाळिंब हाय, गुरुजी," पोऱ्या म्हणाला. रंग लाल. नातवानं निम्मं खाल्लं आणि पोट भरल्याचं जाहीर केलं. तीन दुकानांनंतर ते भरायलाच हवं होतं.

कप टेबलावर तसाच राहिला. बघता बघता तळाशी लाल पाणी झालं. पोऱ्या तो उचलायला आला, तेव्हा मी त्याला हातानं थांबवलं.

चार घोट होते. गोड होते आणि गारही होते. दोन मी घेतले. मग कप नातवापुढं धरला.

"आजोबा, हे तर पाणी झालं," तो म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो.