परम, खोडद आणि दौंडचा पीसी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे करतोय. माझा मामेभाऊ दौंडला असतो. लग्नाचे शूट करतो, त्याचं एडिटिंग स्वतःच डाविंची रिझॉल्व्हवर करतो, आणि सगळं उरकलं की रात्री गेम खेळतो. त्याचा मेसेज आला, 'दादा, पीसी बनवतोय. लिस्ट बघ ना एकदा.' लिस्ट अशी: मागच्या पिढीतलं जवळजवळ सगळ्यात वरचं ग्राफिक्स कार्ड, ज्याच्या नावापुढे 'एफ' आहे असा इंटेलचा प्रोसेसर, तीन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट आणि खाली अगदी कोपऱ्यात, कुठल्या तरी कंपनीचा स्वस्तातला एसएमपीएस. पैसे? थोडे त्याच्या सीझनचे, बाकीचे मामाच्या उसाच्या बिलाचे. मामाने फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "बाबा, हे किती वर्षं चालंल ते सांग."

हा प्रश्न मला लिस्टपेक्षा अवघड वाटला. आणि तो पुण्यात पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. तर आधी ती गोष्ट.

ऐंशीच्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. तेव्हा सुपरकॉम्प्युटर म्हणजे अमेरिकेतल्या क्रे कंपनीचं मशीन. दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी एक क्रे एक्स-एमपी मिळालं, पण ते फक्त हवामानासाठीच वापरायचं अशा कडक अटींवर. बंगळूरच्या आयआयएस्सीला त्याहून मोठं मशीन पाहिजे होतं, ते मिळालं नाही. क्षेपणास्त्रं आणि अणुसंशोधनासाठी वापर होईल ही अमेरिकेची भीती. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं. बजेट म्हणून ३० कोटींच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. लक्ष्य एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी दशांश गणितं.

आता विचार करा. तुमच्याकडे चिप बनवायचा कारखाना नाही. सगळ्यात वेगवान प्रोसेसर कोणी विकत देत नाही. म्हणजे बाजारात जे मिळतं त्यातूनच निवडायचं. सी-डॅकसमोर होती ती एक पार्ट्स लिस्टच.

त्यांनी निवडला ट्रान्सप्युटर. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची चिप, टी-८०० मालिका. एकट्या चिपचा वेग बघितला तर हसू येईल. क्रेच्या एका प्रोसेसरपुढे ती काहीच नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती जी त्या काळात इतर चिप्समध्ये सहसा नसायची: चार सीरियल लिंक. चिपच्या पोटातच चार दरवाजे, प्रत्येक दरवाजातून शेजारच्या चिपशी थेट बोलणं, मध्ये वेगळं नेटवर्क कार्ड नको, काही नको. चार शेजारी म्हणजे वहीच्या चौकटीसारखी जाळी. जोडत जा, वाढवत जा. १ जुलै १९९१ ला परम ८००० जाहीर झालं, ते ६४ नोडचं. २५६ नोड लावले तर कागदावरचा कमाल वेग एक गिगाफ्लॉपच्या घरात जायचा.

मला स्वतःला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? त्यांनी वेगवान भाग निवडला नाही, बोलका भाग निवडला. गणित करणं ही अर्धीच गोष्ट आहे. गणितासाठी लागणारा डेटा वेळेवर दारात आणून देणं ही उरलेली अर्धी.

पेपरांत तेव्हा 'अमेरिकेला चपराक' वगैरे छापून आलं. अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतं. माझं मत जरा वेगळं आहे. चिप ब्रिटिश होती आणि तिच्या जोरावर प्रत्येक काम क्रेइतकं पळायचं असंही नाही. ज्या कामाचे सारखे तुकडे पडतात, हवेचा अंदाज किंवा विमानाभोवतीचा हवेचा प्रवाह, तिथेच असं मशीन चालतं. जीन अमडाल या इंजिनिअरने १९६७ मध्येच हे मांडलं होतं: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो तुमच्या शंभर प्रोसेसरना बसवून ठेवतो. आपलं स्वतःचं काय होतं, तर निवड, जोडणी आणि सॉफ्टवेअर. जुने फोरट्रानमधले प्रोग्रॅम अशा जाळीवर चालवायचे म्हणजे ते नव्याने विभागून लिहावे लागतात. त्यासाठी सी-डॅकने 'परस' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर बनवलं. हे काम पेपरात छापण्यासारखं दिसत नाही, पण तेच खरं होतं.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. इनमॉसने टी-९००० नावाची पुढची चिप जाहीर केली. कागदावर जबरदस्त. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षं लांबत गेली आणि सांगितलेल्या वेगाला कधी पोचलीच नाही. ज्यांनी त्या एकाच चिपवर सगळं लावलं होतं ते अडकले. सी-डॅकने तोवर परम ८६०० मध्ये गणितासाठी इंटेलची आय८६० घेतली होती आणि ट्रान्सप्युटरला फक्त बोलण्याचं काम ठेवलं होतं. १९९४ च्या परम ९००० मध्ये तर रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता येईल. त्यात सुपरस्पार्क आले. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, २००३ च्या आसपास परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४. दरवेळी मेंदू वेगळा, जोडणीचं ज्ञान तेच. मामाच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे सापडतं. सगळं मशीन पंधरा वर्षं चालत नाही. कॅबिनेट, एसएमपीएस, बोर्ड नीट निवडलं तर ते दोन-तीन मेंदू बघतात.

२००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने 'एका' उभं केलं. एचपीचे ब्लेड सर्व्हर, इंटेलचे झिऑन, इन्फिनिबँडचं नेटवर्क. नोव्हेंबर २००७ च्या टॉप५०० यादीत जगात चौथं, ११७.९ टेराफ्लॉप. सगळा माल बाजारातला. पण त्यावर वेगळा भाग करावा लागेल, आज नाही.

कारण आता मला आपल्या बाजूला यायचंय. मी शिरूरचा. नारायणगावजवळच्या खोडदला आमच्याकडून बाईकवर दीड-दोन तास लागतात. नारायणगावची मीना शेवटी घोडेत येते, घोड शिरूरवरून जाऊन भीमेत, आणि भीमा दौंडला. म्हणजे पाण्याच्या हिशोबाने खोडद आमच्या वरच्या अंगाचं गाव. तिथे जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ एका चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वायच्या आकारात दूरवर. शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढले होते. आत काय चालतं ते तेव्हा कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, आमचं लक्ष डब्याकडे असेल.

आत चालतं ते असं. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलशी गुणायचा. ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीसाठी, प्रत्येक फ्रीक्वेन्सीच्या तुकड्यासाठी, तेच गुणाकार-बेरीज, अखंड. सुरुवातीला यासाठी खास बांधलेलं हार्डवेअर होतं. २०१० च्या आसपास तिथल्या इंजिनिअरांनी बाजारात मिळणारे कॉम्प्युटर, एडीसी कार्डं आणि गिगाबिट नेटवर्क जोडून तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवलं. मग दुर्बिणीचं अपग्रेड झालं. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघायची, तो ४०० झाला. एवढा डेटा साध्या प्रोसेसरना झेपेना.

आणि तिथे आलं ग्राफिक्स कार्ड.

गेममध्ये पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचं तेच ते गणित एकदम करायचं असतं. १९९९ च्या जीफोर्स २५६ ला एनव्हिडियाने जीपीयू म्हणायला सुरुवात केली. २००६-०७ मध्ये कूडा आलं आणि त्याच चिपला ठिपक्यांऐवजी कुठलेही आकडे देता यायला लागले. खोडदला एनव्हिडियाची टेस्ला मालिकेतली केप्लर पिढीची कार्डं बसली. त्याच पिढीच्या चिप तेव्हाच्या महागड्या गेमिंग कार्डांवरही होत्या. जिथे पोरं गाड्या पळवत होती, तिथेच पल्सार मोजले जात होते.

पण बघा, कार्डाच्या आधी काय ठेवलं होतं. अँटेनाचा सिग्नल आधी एफपीजीए बोर्डांवर जातो, तिथे आकड्यांत बदलून पाकिटं बनतात, ती वेगवान नेटवर्कवरून मशीनपर्यंत येतात आणि मग कार्डाला पोचतात. म्हणजे पुन्हा तोच विचार: कार्ड उपाशी राहता कामा नये. २९ जून २०२३ ला अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्याची घोषणा झाली, त्यात भारतीय गटाची निरीक्षणं याच सुधारलेल्या दुर्बिणीची होती.

(एक गंमत. कॉम्प्युटर स्वतःच रेडिओ गोंगाट करतात, म्हणून तिथे ते धातूने मढवलेल्या खोलीत ठेवावे लागतात. काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेऊन खोडदला गेलात तर गेटवरूनच परत पाठवतील.)

तर आता दौंड. मी भावाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आहे त्या पीसीवर लग्नाची एक क्लिप टाइमलाइनवर टाक आणि टास्क मॅनेजर उघड. क्लिप अडखळत होती. प्रोसेसर शंभर टक्के. ग्राफिक्स कार्ड दहाच्या आत. म्हणजे त्याचं जुनं कार्डसुद्धा रिकामं बसलं होतं, आणि हा त्याहून मोठं कार्ड आणायला निघालेला.

कारण सापडलं कॅमेऱ्यात. त्याचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो. एनव्हिडियाची ५० मालिकेच्या आधीची कार्डं हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स गेल्या काही पिढ्यांपासून ते करतं, पण 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये नेमकं तेच बंद केलेलं असतं. त्याच्या लिस्टमध्ये कार्ड मागच्या पिढीचं आणि प्रोसेसर एफवाला. थोडे पैसे वाचवायला त्याने दोन्ही दरवाजे बंद केले होते. वर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, जिला विंडोजवर हे फुटेज नीट झेपतच नाही. सॉफ्टवेअरचे पैसे लिस्टमध्ये नव्हतेच. 'परस' आठवलं मला.

एसएमपीएसवर मात्र मी चिडलो, कारण तिथे माझा अनुभव आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. कार्डावर सगळे पैसे, एसएमपीएस असाच. एका उन्हाळ्यात शिरूरला घरी काम करत असताना वीज गेली, आली, परत गेली, आणि पीसीतून जळका वास आला. बोर्ड गेला, कार्ड कसंबसं वाचलं. चूक माझीच होती. आई अजूनही पीसी लावताना विचारते, "बंद करून ठेवू का?"

नवी लिस्ट करायला तीन रात्री लागल्या. भाऊ नाराज होता, कारण कार्ड एक पायरी खाली आलं. ५० मालिकेतलं, १६ जीबी मेमरीचं घेतलं. तेवढी मेमरी असली की ४के टाइमलाइनवर इफेक्ट लावताना ती भरून अडकत नाही, आणि त्याच्या १४४० रेझोल्यूशनच्या मॉनिटरला गेमसाठी ते भरपूर झालं. प्रोसेसर बिनएफचा. रॅम ६४ जीबी. दोन एनव्हीएमई, एक सिस्टिमला आणि एक चालू कामाला. जुनी लग्नं साध्या हार्डडिस्कवर. नावाजलेला, गरजेपेक्षा थोडा मोठा एसएमपीएस. यूपीएस. रिझॉल्व्हचं स्टुडिओ लायसन्स. काचेचं कॅबिनेट गेलं, समोरून जाळी असलेलं आलं, जाळीमागे धुळीचं फिल्टर. उसाच्या गाड्या सुरू झाल्या की दौंडला खिडकीवर काय बसतं ते भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गणिताच्या वेगाचं म्हणाल तर ते कार्ड वीस हजार गिगाफ्लॉपच्या पुढे जातं. परम ८००० चं लक्ष्य एक होतं. तुलना पूर्ण बरोबर नाही, परमचे आकडे आणि गेमिंग कार्डाचे आकडे वेगवेगळ्या अचूकतेचे असतात. तरी मामाला सांगितलं.

मामा म्हणाला, "एवढं असून लाईट गेल्यावर किती मिनिटं?"

यूपीएसवर पंधरा. परवा रविवारी शिरूर-चौफुला रोडने जाऊन जोडून आलो. पहिलंच बटण दाबलं आणि चालू झाला नाही, कारण रॅमची एक पट्टी नीट बसली नव्हती. दुसऱ्यांदा झाला. भावाने तीच लग्नाची क्लिप लावली, एकदाही अडखळली नाही, आणि मग त्याने वरात तीन वेळा मागे-पुढे करून बघितली.

पुढच्या भागात 'एका'. भेटू.